मोठ्या झाडाखाली फुलांचा वाफा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बंगल्याच्या मागे सोनमोहराचं जुनं झाड आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर १६० सेंमी भरतो. त्याच्याभोवती विटांचं गोल कडं बांधून आत दीड फूट लाल माती भरायची आणि फुलझाडं लावायची, असा विचार आहे. माळ्याच्या मते एक ब्रास माती पुरेल. खतं कोणती घालू?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : मातीचा टेंपो अजून आला नसेल तर आधी तो थांबवा. खताचं नंतर बघू.

मोठ्या झाडाची मुळं खोल पाताळात जातात असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या ३० ते ६० सेंमीत असतात आणि पाणी-अन्न शोषणारी केसासारखी बारीक मुळं तर वरच्या वीतभर थरातच दाटलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. वर दीड फूट लाल माती पडली, ती पावसात दबून घट्ट बसली, की खालची हवा तुटते. दुसरं असं, की खोडाची साल ओल्या मातीत राहण्यासाठी बनलेली नसते. बुंधा जमिनीला टेकतो तिथे तो रुंद होत मुळांमध्ये पसरतो. तो रुंद भाग उघडाच असला पाहिजे. तो गाडला गेला की साल कुजते, बुरशी आत शिरते आणि चार-पाच वर्षांनी एखाद्या वादळी पावसात झाड कोसळलं की दोष वाऱ्यावर जातो. फुलझाडांचंही भलं होत नाही. तगलेली मुळं वर्ष-दोन वर्षांत त्या नव्या मातीत चढतात आणि तुम्ही घातलेलं खत-पाणी आधी झाड पिऊन टाकतं.

म्हणून वाफा जमिनीच्या पातळीवरच करायचा. न खणता, न उंचावता.

मोजमाप असं करा. घेर १६० सेंमी भागिले ३.१४, म्हणजे खोडाची जाडी साधारण ५१ सेंमी. जाडीच्या तिप्पट, म्हणजे खोडापासून दीड मीटरपर्यंत, कुठलंच अवजार जमिनीत घालू नका. झाडाला उभं धरणारी जाड मुळं इथे असतात. जाडीच्या बारापट, म्हणजे सहा मीटरपर्यंत, फक्त खुरपं चालेल. कुदळ, टिकाव, पहार नाही. वाफा दीड मीटरपासून तीन मीटरपर्यंत घेतलात तर पूर्ण गोलाचं क्षेत्र २१ चौरस मीटर होतं. पहिल्या वर्षी अर्धाच गोल करा, तोही सकाळचं ऊन येतं त्या बाजूचा. सगळीकडून एकदम मुळं डिवचली की झाड त्याच वर्षी पालवी कमी धरतं.

काम जूनच्या मध्यावर, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर सुरू करा. तण हाताने उपटा. तणनाशक अजिबात मारू नका, कारण काही तणनाशकं मुळांवाटे थेट झाडात जातात. मग जमिनीचा वरचा बोटभर थर खुरप्याने नुसता खरवडा. त्यावर चाळलेलं पालापाचोळ्याचं खत आणि पूर्ण कुजलेलं शेणखत निम्मं-निम्मं मिसळून ३ सेंमी जाडीचा थर पसरा. अर्ध्या गोलाला साधारण ३२० लिटर लागेल, म्हणजे ४० लिटरच्या आठ गोण्या. कच्चं शेणखत नको. ते तापतं, हुमणीची अंडी घेऊन येतं आणि वरच्या बारीक मुळांना चटका देतं.

रोपं लहान घ्या. ४ बाय ५ इंचाच्या पिशवीतलं रोप १२ सेंमी रुंद खड्ड्यात बसतं. ८ बाय १० च्या पिशवीला खड्डा दुप्पट होतो आणि मुळं विनाकारण तुटतात. खड्डा घेताना बोटापेक्षा जाड मूळ लागलं तर ते कापू नका, खड्डा चार इंच बाजूला सरकवा. ओळी वाकड्या होतील, होऊ द्या. ३० सेंमी अंतरावर चौरस मीटरला ११ रोपं, म्हणजे अर्ध्या गोलाला सव्वाशेच्या आत. लावून झाल्यावर वर सुकलेल्या पानांचं ५ सेंमी आच्छादन टाका. खोडाभोवती ३० सेंमी जागा मात्र कायम उघडी ठेवा.

कडं बांधायचंच असेल तर पाया खणू नका. पायासाठी वीतभर चर घेतला तरी त्या रेषेवरची सगळी वरची मुळं एका झटक्यात तुटतात. विटा किंवा जांभ्याचे चिरे जमिनीवर नुसते आडवे मांडा. सिमेंट नको.

आता काय लावायचं. सकाळी अकराला आणि दुपारी तीनला जमिनीवरचे उन्हाचे कवडसे बघा. बाहेरच्या कडेला तीन-चार तास ऊन मिळत असेल तर अबोली, कोरांटी, स्पायडर लिली, रेन लिली. मधल्या पट्ट्यात फुटबॉल लिली, कॅलेडियम आणि हिवाळ्यात इम्पेशन्स. खोडाच्या बाजूला फुलांचा हट्ट सोडा. तिथे स्पायडर प्लँट, ऱ्हिओ, नेफ्रोलेपिस फर्न. गुलाब, शेवंती, झेंडू इथे होणार नाहीत. झेंडू उजेडाकडे उंच लुकडा वाढतो आणि पहिल्याच सरीत लोळतो. वेडेलिया कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. ती वर्षभरात वाफा गिळते आणि मग काढायला खणावंच लागतं.

पाण्याची एक गंमत लक्षात ठेवा. हलक्या सरीचं बरंचसं पाणी पानांवरच अडतं, त्यामुळे अंगण ओलं आणि वाफा कोरडा असं भर पावसाळ्यातही होतं. आच्छादन बाजूला करून दोन पेरं बोट मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, चौरस मीटरला ८ ते १० लिटर. ठिबक बसवणार असाल तर १६ मिमीची नळी आच्छादनाखाली जमिनीवरच टाका, चर खणून नको. आणि फवाऱ्याचं पाणी खोडावर उडता कामा नये.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी गुलमोहराभोवती गोल कट्टा बांधून तो मातीने भरला. टाइल लावल्या, आत शोभेची झाडं लावली. आता गुलमोहराची पालवी विरळ झाली आहे, शेंड्याच्या फांद्या वाळताहेत. माती काढली तर झाड सुधारेल का?
(सोसायटीच्या बाग समितीतील एक सदस्य, ठाणे)

उत्तर : सुधारेलच असं नाही, पण न काढल्यास ते ढासळतच जाईल.

आधी बुंधा तपासा. भरावाच्या पातळीवर किंवा त्याखाली खोडाला तपकिरी, कडक, अर्धगोल फळीसारखी बुरशी आलेली दिसते का? असेल तर आत मुळं कुजू लागली आहेत असं समजा. लाकडी मुठीने खोडावर ठोकून पोकळ आवाज येतो का तेही पाहा. यातलं काही आढळलं तर त्या झाडाखालचं पार्किंग आणि मुलांचं खेळणं आजच बंद करा आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी कळवा. गुलमोहराची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ, तो पडताना फारशी सूचना देत नाही.

बुरशी नसेल तर माती टप्प्याटप्प्याने काढा. पावसाळा यासाठी बरा, कारण उघडी पडणारी मुळं लगेच सुकत नाहीत. पहिल्या टप्प्यात खोडालगतची ४५ सेंमी रुंद पट्टी, हाताने आणि खुरप्याने, बुंध्याचा रुंद भाग दिसेपर्यंत खाली जा. इथे काही पातळ मुळं खोडाला वेढा घालून फिरताना दिसतील. ती भरावात फुटलेली असतात. करंगळीएवढी असली तर धारदार कात्रीने कापा, अंगठ्याहून जाड असली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय हात लावू नका. उरलेला भराव महिन्याच्या अंतराने दोन खेपांत उतरवा. दोन वर्षांत बरीच बारीक मुळं वर चढून आलेली असतात, ती एका दिवसात उघडी टाकली तर झाडाला दुसरा धक्का बसतो. जेसीबी आणू नका. दोन माणसं आणि चार घमेली घेऊन एका टप्प्याचं काम दोन दिवसांचं असेल, तर ते दोन दिवस द्या.

माती निघाल्यावर कट्ट्याच्या भिंतीला जमिनीलगत दर मीटरला वीतभर रुंदीची भोकं पाडा, पाणी कोंडायला नको. कट्टा अजिबात न ठेवणं सगळ्यात चांगलं, पण संध्याकाळी तिथे बसणाऱ्यांची सभा तुम्हालाच घ्यावी लागेल. त्या वर्षी झाडाला रासायनिक खत देऊ नका. जखमी मुळांना ते पेलत नाही. ५ सेंमी पाचोळा आणि पावसाने ओढ दिली की पाणी, एवढंच. वाळलेल्या फांद्या छाटायला परवानगी घ्या. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि त्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही तोडणंच धरलं आहे. जाड मुळं कापून केलेल्या सुशोभीकरणालाही ते लागू पडू शकतं, हे पुढच्या ठेकेदाराला काम देण्याआधी सांगून ठेवा.

प्रश्न : मग देवळासमोरच्या वडा-पिंपळाचे पार शेकडो वर्षं कसे टिकले? तिथेही माती भरलेलीच असते.
(एक वाचक, सातारा)

उत्तर : वड, पिंपळ, उंबर ही एकाच कुळातली झाडं, आणि त्यांची जात वेगळी. ती खोडातून, फांदीतून, भिंतीच्या फटीतूनही नवी मुळं सोडतात. भराव आला तर त्यातच नवी मुळं धरून पुढे जातात. आंबा, कडुनिंब, गुलमोहर यांना ते जमत नाही. शिवाय जुना पार बहुधा कोरड्या दगडांचा असतो, सांध्यांतून पाणीही निघतं आणि हवाही खेळते. त्याच पाराला आता गिलावा करून वर चकचकीत फरशी बसवतात, तेव्हा वडसुद्धा कुरकुरतो. पारावर फुलझाडं लावायचा विचार असेल तर सोडून द्या. वडाची मुळं दुसऱ्या कुणाला जागा देत नाहीत, आणि लोकांना बसायला जागा हवीच असते.

प्रश्न : घराशेजारी हापूसची चाळीस वर्षांची दोन झाडं आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याखाली फुलांचा वाफा केला, रोज पाणी घालतो, फुलं छान येतात. पण आंब्याला मोहोर जवळजवळ नाही, नुसती पालवी येते. याचा वाफ्याशी संबंध आहे का?
(एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : बहुधा आहे. पाऊस संपल्यावर आंब्याला ताण बसावा लागतो. ऑक्टोबरपासून जमीन कोरडी पडत गेली आणि वर थंडी आली, की पक्व काडी मोहोर धरते. तुमचं झाड मात्र रोजच्या पाण्याने पावसाळा चालूच आहे असं समजतं आणि पालवीवर पालवी काढत राहतं.

वाफा मोडायची गरज नाही. त्यातली झाडं बदला. पावसाळ्यात वाढून दिवाळीनंतर स्वतःच जमिनीत झोपी जाणारी कंदवर्गीय झाडं आंब्याखाली अगदी चपखल बसतात, कारण आंब्याला पाणी नको असतं तेव्हा त्यांनाही नको असतं. भुईचाफा घ्या. वळवाच्या सुमाराला पानांआधीच जमिनीलगत जांभळट-पांढरी सुवासिक फुलं येतात, मग पानं पावसाळाभर हिरवी राहतात आणि थंडीत सुकून जातात. फुटबॉल लिली मेअखेर-जूनमध्ये लाल चेंडू फुलवते. तिचा कंद लावताना मान मातीच्या बरोबरीने राहील इतकाच खोल ठेवा. सोबत कॅलेडियम, आणि जागा उरलीच तर हळद. फक्त हळद काढायला जानेवारीत कुदळ मारू नका, नाहीतर मोहोराच्या ऐन वेळी मुळं तुटतील. ती पानांसाठी आहे असं समजून तशीच राहू द्या. हे सगळे कंद ५ ते ८ सेंमीपेक्षा खोल जात नाहीत, त्यामुळे खणणंही जुजबी होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून पाणी पूर्ण बंद. फळं वाटाण्याएवढी झाल्यावर झाडाला पंधरा दिवसांच्या अंतराने दीडशे-दोनशे लिटर देता येईल, पण ते पाणी आंब्यासाठी आहे, फांद्यांच्या घेराखाली द्यायचं. काढणीच्या महिनाभर आधी तेही थांबवा.

आणखी एक चौकशी करा. झाडांना जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार, म्हणजे पालवी रोखून मोहोर आणण्यासाठी मातीत ओतायचं औषध, घातलं जातं का? त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल मातीत बराच काळ टिकतं आणि त्या आळ्यातली फुलझाडं बसकी, गुच्छासारख्या पानांची, खुरटी राहतात. लोक रोग समजून औषधं मारत बसतात. कल्टारच्या आळ्यात काहीच लावू नये. वाफा त्याच्या बाहेर घ्यावा.

प्रश्न : कडुनिंबाखाली तीनदा रोपं लावली, तिन्ही वेळा मेली. कडुनिंबाचं विष मातीत उतरतं असं ऐकलं, खरं का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : विषापेक्षा तहान हे कारण जास्त संभवतं. विदर्भाच्या एप्रिल-मे महिन्यात कडुनिंबाची मुळं वरच्या थरातला ओलावा झपाट्याने ओढून नेतात. त्यात उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची पानगळ होते, म्हणजे ऐन ताप वाढताना सावलीही विरळ. रोपं लावण्याची वेळ जुलैचा पहिला पंधरवडा ठेवा. मे महिन्यात लावलेलं रोप इथे वाचणं कठीण.

तुमच्यासाठी कुंड्या जास्त सोयीच्या. मुळांच्या मधल्या जागांत रिकाम्या सहा इंची कुंड्या गळ्यापर्यंत पुरून ठेवा आणि त्यात त्याच मापाहून थोडी लहान, लावलेली कुंडी नुसती सरकवा. मोसम सरला की आतली कुंडी उचलून दुसरी ठेवायची, जमीन पुन्हा उकरावी लागत नाही. दर पंधरा दिवसांनी आतली कुंडी फिरवून घ्या, नाहीतर कडुनिंबाची मुळं तळाच्या भोकातून आत शिरतात आणि मग कुंडी हलत नाही. पडलेला पाला जाळू नका, तोच आच्छादनाला वापरा. बुंध्याशी पाला पेटवल्याने साल भाजते आणि ती जखम पुढे वर्षानुवर्षं भरत नाही.

प्रश्न : माडांच्या बागेत गजऱ्यासाठी अबोली लावायची आहे. माडाला त्रास होईल का?
(एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : माडाचं गणित सोपं आहे. त्याची कामाची मुळं बहुतांशी बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात. खताचं आळंही तेवढंच असतं. ते सोडून मधल्या जागेत अबोली लावा. माड पंचविशी ओलांडलेले असतील तर खाली भरपूर उजेड येतो. दहा-वीस वर्षांच्या माडांखाली सावली दाट असते, तिथे अबोली पानांनी वाढेल पण फुलं मोजकीच देईल.

अंतर ४५ ते ६० सेंमी ठेवा. अबोली हिरवीगार असताना अचानक मलूल होऊन मरते ती बहुधा मुळांवरच्या सूत्रकृमींनी आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या मर रोगाने. लावताना चौरस मीटरला १०० ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळा, पाणी साचू देऊ नका, आणि मेलेल्या रोपाच्या जागी लगेच दुसरी अबोली लावू नका. झावळ्या पडतात त्या बाजूला वाट ठेवा, रोपं नको.

प्रश्न : अमेरिकेत आमच्या घरासमोर जुना मेपल आहे. इथे सगळेजण बुंध्याभोवती लाकडाच्या भुशाचा उंच ढीग रचतात. तसंच करून त्यात फुलं लावू का?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : सगळे करतात ते चूकच आहे. खोडाला टेकलेला ढीग सालीला ओल देतो आणि थंडीत उंदरांना घर. भुसा ५ ते ७ सेंमी जाड, सपाट आणि खोडापासून वीतभर दूर पसरा. मेपलची मुळं फार उथळ आणि दाट असतात, म्हणून तुमच्याकडे कंदच बरे. क्रोकस आणि स्नोड्रॉप ऑक्टोबरमध्ये मुळांच्या फटीत लावा, मेपलला पानं फुटायच्या आत त्यांचा बहर होऊन जातो. होस्टा सावलीत उत्तम, पण तुमच्या भागात हरणं फिरत असतील तर ती होस्टाला सॅलडसारखी खातात. तिथे एपिमेडियम लावलेलं बरं.

प्रश्न : जांभळाच्या बुंध्यावर मनीप्लँट चढवलं तर चालेल का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : चालेल, ते झाडाचा रस शोषत नाही. पण चढू लागलं की पानं सुपाएवढी होतात, वेल मनगटासारखी जाड होते आणि तिच्याखाली बुंध्याची बुरशी, वाळवी, भेगा काहीच दिसत नाही. त्यामुळे दोन मीटर उंचीवर दर पावसाळ्याआधी कापा आणि बुंध्याचा निम्मा भाग उघडा ठेवा. वेल खोडाशी मातीत न लावता मीटरभर अंतरावर कुंडीत लावा आणि तिथून खोडाकडे वळवा.